दुसरी चावी

गाडी घ्यायची ठरली ती काही हौसेपोटी नव्हे. मास्तरांचं डायलिसिस एक दिवसाआड, सेंटर गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि टॅक्सीवाले 'निघालोच' म्हणून सांगत आणि मग फोन उचलत नसत. परतताना तर मास्तरांच्या अंगात त्राणच उरत नसे. एकदा सेंटरच्या पायरीवर दोघं बापलेक अंधार पडेपर्यंत ताटकळत बसले, आणि त्याच पायरीवर थोरलीने ठरवलं की जुनीपानी का होईना, पण आता स्वतःची गाडी हवी.

थोरली म्हणजे मास्तरांची मोठी मुलगी. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. दिवसभर मेणात एकेक दात बसवणारी बाई ती, अर्धवट काम तिला खपत नसे. धाकटा भाऊ लांब नोकरीला होता आणि फोनवरून सल्ले द्यायला मोकळा होता. आणि मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांनी उभा जन्म ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली, आणि शिकवता शिकवता अर्ध्या गावाला रडवलं. आता मूत्रपिंडांनी राजीनामा दिला होता, पण जीभ अजून नोकरीवर होती.

दलालाच्या आवारात राखाडी गाडी धुऊनपुसून उभी होती. मास्तरांनी काठी टेकत तिच्याभोवती फेरी मारली. दार उघडून लावलं आणि त्याचा आवाज ऐकला.

"बाईनं चालवलेली गाडी आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"सीट बघ किती पुढे आहे. आणि क्लच शाबूत आहे. तुझ्या भावानं चालवली असती तर एव्हाना भंगारात गेली असती."

दलालाने हसत चावी थोरलीच्या हातावर ठेवली. एकच.

"दुसरी?" मास्तरांनी विचारलं.

"तेवढी मिळत नाहीये बघा. आधीच्या मालकांकडे कुठेतरी घरात असेल. आठवड्यात आणून देतो."

मास्तरांनी थोरलीला डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाखवला. चावीच्या आकाराचा, बारीक, लुकलुकणारा. "याला इमोबिलायझर म्हणतात. चावीच्या पोटात एक चिप असते. गाडी ती चिप ओळखते. ओळख पटली की हा दिवा विझतो. नाही पटली तर तू काहीही कर, इंजिन ढिम्म हलणार नाही."

"म्हणजे दुसरी चावी ज्याच्याकडे असेल त्यालाही ही ओळखणार?"

"ओळखणारच. मालकीण बदलली हे तिला कुणी सांगितलंय?"

तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता. पण परवाचं डायलिसिस डोळ्यांसमोर होतं, तिने गाडी घेतली.

आठवडा गेला, मग दुसराही गेला. थोरली दलालाला फोन करी, तो म्हणे, "मॅडम, तुमचं काम माझ्या डोक्यातच आहे."

"डोक्यात नको, माझ्या हातात द्या."

"देतो ना. देतोच."

मग तो फोन उचलेनासा झाला. कंपनीच्या शोरूममध्ये गेली तर तिथला पोरगेला साहेब म्हणाला, दुसरी चावी करायला आधीच्या मालकाची सही लागेल. आधीच्या मालकाचा पत्ता दलालाकडे, आणि दलाल फोन उचलत नाही. थोरलीला वाटलं, या सगळ्यांना एका रांगेत बसवून त्यांच्या जबड्यांचे साचे काढावेत आणि घट्ट होईपर्यंत तोंडातच ठेवावेत.

धाकट्याने फोनवर वेगळीच भर घातली. "ताई, तू एका चावीवर गाडी घेतलीसच कशी? ज्याच्याकडे दुसरी आहे तो कधीही येऊन घेऊन जाईल."

"तू ये आणि शोध."

"मला सुट्टी नाही."

"मग गप्प बस."

पण त्याचं बोलणं डोक्यात घर करून राहिलं, कारण गाडीतही काहीतरी बिनसलं होतं. थोरली अंगाने उंच. ती बसताना सीट पार मागे सरकवायची. सकाळी दार उघडावं तर सीट पुढे, स्टिअरिंगला टेकलेली. आरसाही खाली वळलेला, एखाद्या ठेंगण्या माणसाला दिसावं तसा. तिने स्टिअरिंगला लोखंडी कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं, आणि सीट पुढे.

कधी कधी ती नुसती आत बसे, चावी अजून पर्समध्येच असे, आणि लुकलुकणारा लाल दिवा हलकेच विझे. गाडीला ओळख पटलेली असे. कुणाची ते कळत नसे. आणि ज्या दिवशी खरोखर घाई असे त्या दिवशी तिचीच चावी लावून, फिरवून, पुसून, पुन्हा फिरवूनही दिवा लुकलुकतच राही. गाडी तिला ओळखच देत नसे. ती स्टिअरिंगवर हात आपटी, आणि लॅबमधली माणसं खिडकीतून बघत.

अशाच एका दुपारी गाडी लॅबसमोर अडून बसली. मास्तरांची वेळ संपत आलेली. थोरलीने तिला लाखोली वाहिली, टॅक्सी पकडली आणि धापा टाकत सेंटरला पोचली. मास्तर बाकावर काठी धरून बसले होते. दाराकडे बघत.

"उशीर झाला बाबा. गाडी चालू होईना."

"चालू होईना काय? मघाशी तर दारात होती."

"कोण?"

"आपली गाडी. हॉर्न वाजला दोनदा, म्हणून बाहेर डोकावलो. आत एक बाई होती. मला म्हणाली, चला. मी म्हटलं, माझी मुलगी येतेय न्यायला. तर गेली." मास्तरांनी चष्मा सारखा केला. "तुझ्या लॅबमधली का ती? वळण झकास घेतलं तिनं. तू शिक जरा."

थोरलीच्या कपाळाची शीर उडायला लागली. म्हणजे धाकटा म्हणत होता ते खरंच होतं. कुणीतरी दुसरी चावी घेऊन भरदिवसा तिची गाडी फिरवतंय, आणि वर तिच्या बापाला 'चला' म्हणतंय. ती लॅबकडे परतली तर गाडी होती तिथेच. चाकाशी वाळलेलं पान सकाळी होतं तसंच अडकलेलं. ते तिने पाहिलं, पण रागाच्या भरात त्याचा अर्थ लावला नाही.

त्या संध्याकाळी ती दलालाच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि पत्ता मिळाल्याशिवाय उठणार नाही म्हणाली. त्याने गिऱ्हाईक असल्याचं सोंग केलं, फोन असल्याचं सोंग केलं, शेवटी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

आधीचा मालक चष्मेवाला होता. बाजारातलं छोटं दुकान, भिंतभर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी. तो चष्म्याची एक दांडी गरम वाळूत धरून वाकवत होता.

"तुमच्या गाडीची दुसरी चावी कुणाकडे आहे?" थोरली उभ्याउभ्याच म्हणाली. "घरात कोण बाई गाडी चालवते? तिला सांगा, पुन्हा माझ्या वडिलांच्या जवळ आली तर मी पोलिसांत जाईन."

चष्मेवाल्याचा हात वाळूतच राहिला. दांडी मऊ होऊन लोंबायला लागली तेव्हा त्याने ती बाहेर काढली.

"वडिलांना... कुठे भेटली?"

"डायलिसिसच्या सेंटरला."

तो खाली बसला. मग म्हणाला, "गाडी माझ्या बायकोची. तिच्या वडिलांना तिथेच न्यायची ती. दुपारी सोडायची, संध्याकाळी आणायची. दारात आली की दोनदा हॉर्न. लहानसे. ते काठी घेऊन उठायचे."

"मग?"

"त्या दिवशी त्यांना आणायला म्हणून खाली उतरली. गाडीच्या दाराशीच कोसळली. हृदय बंद पडलं म्हणाले. चावी उजव्या मुठीत होती..." त्याने स्वतःची मूठ वळून दाखवली आणि लगेच मांडीखाली घातली. "मूठ उघडेना. मी प्रयत्न केला, डॉक्टरांनी केला. शेवटी तशीच नेली तिला. चावी तिच्याबरोबरच गेली, मॅडम. घरात शोधून काय मिळणार होतं?"

"आणि तिचे वडील?" थोरलीने विचारलं.

"त्या गोंधळात त्यांना आणायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही. आठवलं तेव्हा धावलो. बाकावर बसलेले होते. ती गेली हे सांगितलं तरी उठेनात. म्हणाले, ती येतेच आहे, हॉर्न वाजला मघाशी." त्याने वाळूवरची चौकट उचलली, पुन्हा ठेवली. "तेही गेले, थोड्याच दिवसांत. त्याच बाकावर."

ती दुकानातून बाहेर पडली ती आणखीच चिडून. चावी चोराकडे असती तर एक वेळ त्याला पकडता आलं असतं. या रडक्या माणसाशी काय भांडणार? तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि ठेवायला सवडही नव्हती. तिने चावीवाल्याला गाठलं.

चावीवाल्याचं काम एका पत्र्याच्या शेडमध्ये चाले. तो आनंदी माणूस होता, शीळ घालत काम करायचा. मास्तरांना सेंटरला सोडून थोरली भर दुपारी गाडी त्याच्याकडे घेऊन आली.

"अगदी सोपं आहे ताई," स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडत तो म्हणाला. "आता मी गाडीच्या डोक्यातून सगळ्या चाव्या पुसतो. मग हजेरी घ्यायची. तुमची जुनी चावी लावून फिरवली, ती हजर. मी केलेली नवी लावून फिरवली, ती हजर. जी हजर नाही ती मेली म्हणून समजा. मग ती कुणाच्याही हातात असू दे, गाडी तिला विचारणार नाही."

"तेच हवंय मला."

त्याने पुसलं. जुनी चावी फिरवली, यंत्र टुक वाजलं. नवी फिरवली, पुन्हा टुक. तो वायर काढायला वाकला, आणि यंत्र आणखी एकदा वाजलं.

त्याची शीळ थांबली. "ताई, तुमच्याकडे अजून एक चावी आहे का? पर्समध्ये वगैरे?"

"नाही. का?"

"हे तीन दाखवतंय."

"तुमचं यंत्र बिघडलंय."

"असेल," तो म्हणाला. त्याने पुन्हा सगळं पुसलं. जुनी फिरवली, नवी फिरवली. मग दोन्ही चाव्या काढून थोरलीच्या हातात दिल्या आणि रिकाम्या खाचेकडे बघत बसला. शेडमध्ये ऊन होतं, पत्रा तापून कडकडत होता, पण गाडीतून ओलसर थंडावा यायला लागला, आणि त्यात औषधाचा वास. सेंटरच्या व्हरांड्यात असतो तसा.

टुक.

लाल दिवा विझला.

"ताई..." चावीवाला हळूच म्हणाला. "सीट तुम्ही ओढताय का?"

ती बाहेर उभी होती, त्याच्यापासून चार हात लांब. सीट त्याला घेऊन सावकाश पुढे सरकत होती. त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले तशी त्याने दार ढकलून अंग बाहेर टाकलं. काही न बोलता बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार उपसून काढली. तार हातात धरून तो उभा राहिला.

"असू दे इथेच," तो म्हणाला. "तुम्ही टॅक्सीनं जा."

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. सेंटरमधली नर्स होती.

"अहो, मास्तरांची काठी इथेच राहिली. घेऊन जाल का परवा?"

"राहिली म्हणजे? ते कुठे आहेत?"

"निघाले की. आज जरा लवकर सोडलं त्यांना, रक्तदाब उतरला होता. तुमची गाडी आली ना दारात."

"कोणती गाडी?"

"तुमचीच हो. राखाडी. त्या ताईंनी हॉर्न दिला तर काठीही न घेता उठले. मी म्हटलंसुद्धा, आज अंगात बळ आलं वाटतं."

थोरलीसमोर राखाडी गाडी बॉनेट वासून उभी होती. बॅटरीची तार चावीवाल्याच्या हातात होती.

त्यानंतर घरापर्यंतचा रस्ता तिने कसा कापला ते तिला कधीच नीट सांगता आलं नाही. टॅक्सीवाला सिग्नलला थांबला म्हणून ती त्याच्यावर ओरडली, एवढं आठवतं. एकच गोष्ट डोक्यात होती, बाबा घरी असू देत.

ते घरी होते. खुर्चीत बसले होते, पायांत बूट तसेच, आणि चेहऱ्यावर पूर्वी चांगला विद्यार्थी मिळाला की यायचं तसं समाधान. थोरली दारातच मटकन खाली बसली आणि रडली.

"रडायला काय झालं? सुखरूप आलो," मास्तर म्हणाले. "बाई हुशार आहे. क्लच असा सोडते की कळतसुद्धा नाही. फक्त एका हातानं चालवते, म्हणून मी तिला झापलं. म्हटलं, मी उभा जन्म हेच शिकवलंय, दोन्ही हात स्टिअरिंगवर पाहिजेत."

थोरलीने डोळे पुसायचे थांबवले.

"तर म्हणते, ही मूठ सुटत नाही हो."

"बाबा... अजून काय म्हणाली?"

"काही नाही. कमी बोलते. गाडीत गारठा फार, तेवढं सांग तिला." मास्तर बूट काढायला वाकले. "तिला वाटतं मी तिचा कुणीतरी आहे. मीही काही बोललो नाही, कशाला मन मोडायचं. म्हणाली, आज तुमच्या घरी सोडते. परवा आपल्या घरी जाऊ."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हटलं."

डायलिसिस चुकवता येत नाही. हेच तर दुखणं होतं. दुसरीकडे जावं तर जागा नाही, पुढे ढकलावं तर अंगात पाणी साठतं. थोरलीने सगळीकडे फोन केले, विनवण्या केल्या, आवाज चढवला. सगळे म्हणाले, बघतो, कळवतो. धाकटा म्हणाला, ताई, तू दमली आहेस. ती त्याला काही बोलली नाही, आणि हे पहिल्यांदाच घडलं.

परवाचा दिवस उजाडला, तशी ती मास्तरांना टॅक्सीने घेऊन गेली. गाडी शेडमध्येच होती, बॅटरी काढून चावीवाल्याने ती घरी नेऊन ठेवली होती. त्या दिवशी थोरली लॅबला गेली नाही. मास्तरांच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसली. यंत्र फिरत होतं, नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. दोन्ही चाव्या तिने उजव्या मुठीत धरल्या होत्या. ज्या दोन आहेत त्या तरी आपल्या हातात असू देत, एवढाच त्यामागचा विचार. दुपार सरली तसं खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं. मास्तर मधेमधे डोळे उघडून तिला म्हणत, "तू कशाला थांबलीस? ती येईल की." ती म्हणे, "मीच नेणार आहे तुम्हाला."

नर्सने सुया काढल्या, पट्टी बांधली, काठी आणून दिली. मास्तर पलंगावरून पाय खाली सोडून बसले.

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा. लहानसा.

मास्तरांचा चेहरा उजळला. काठी भिंतीला टेकून ठेवून ते उठले, आणि त्या पायांत इतकं बळ कुठून आलं कोण जाणे, सरळ दाराकडे निघाले. थोरलीने डाव्या हाताने त्यांची बाही पकडली. बाही ताणली, शिवण उसवल्याचा आवाज झाला. एका हाताने ते आवरणारे नव्हते.

तिने दुसरा हात पुढे केला. त्यांना धरायचं तर चाव्या टाकायला हव्यात, म्हणून तिने मूठ उघडायचा प्रयत्न केला.

मूठ सुटेना.